उतारू

सकाळी रत्नागिरी स्टेशनवर उतरायचे, बाहेर भाड्याची गाडी ठरवायची आणि आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळे गाठायचे. तिथे दर्शन आणि टेकडीभोवतीची प्रदक्षिणा. मग मालगुंडवरून जयगड, गाडीसकट फेरीबोटीत, पलीकडे तवसाळ. पुढे हेदवीचा दशभुज गणेश, वेळणेश्वर, गुहागरचा व्याडेश्वर. धोपाव्याला पुन्हा बोट, दाभोळची चंडिकादेवी, दापोली, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. सुट्टी उरलीच तर वेसवीहून बागमांडल्याला तिसरी खाडी ओलांडून हरिहरेश्वर. तीन-चार दिवसांत इतकी दैवते आणि जवळजवळ तितकेच समुद्रकिनारे. 2003 मध्ये दाभोळ-धोपावे अशी गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली, मागोमाग इतर खाड्यांवर बोटी आल्या, आणि चिपळूणचा किंवा भातगाव पुलाचा वळसा वाचवणारा हा मार्ग कोकणच्या सुट्टीचा ठरलेला मार्ग होऊन गेला. आता याला यात्रा म्हणायचे की सहल? घरातली वडीलमंडळी यात्रा म्हणतात, मुले सहल म्हणतात, आणि दोघेही एकाच गाडीत बसलेले असतात. प्रश्न नुसत्या नावाचा असता तर सोडून देता आला असता. पण देवाकडे जाण्याची रीत आणि देवाकडे जाण्याचे फळ यांचा काही संबंध आहे की नाही, हे त्यात दडलेले आहे, आणि तो प्रश्न गंभीरपणे घेण्यासारखा आहे.

शास्त्राला हा प्रश्न नवा नाही. तीर्थयात्रेविषयीची वचने एकत्र पाहायची तर महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा 1953 साली निघालेला चौथा खंड उघडावा. 1963 मध्ये भारतरत्न झालेले काणे याच जिल्ह्यातले, चिपळूणजवळच्या परशुरामाच्या परिसरात 1880 साली जन्मलेले. पायी गेलेल्याला जास्त फळ आणि वाहनाने गेलेल्याला कमी, असा जुन्या निबंधकारांचा एकंदर सूर आहे. मत्स्यपुराणातले प्रयागमाहात्म्य तर वाहनाने केलेली यात्रा निष्फळ ठरवते. पण ते वचन नीट पाहिले तर तिथे वाहनाआधी कारण सांगितलेले दिसते. ऐश्वर्यापोटी, लोभापोटी किंवा मोहापोटी जो वाहनात बसतो त्याच्याविषयी ते बोलते आहे. म्हणजे चाकाला दोष दिलेला नाही, चाकावर बसणाऱ्याच्या तोऱ्याला दिलेला आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीने गाडीतून जाऊन हेदवीच्या गणपतीपुढे हात जोडले तर तिचे पुण्य अर्धे होते, असे म्हणायला या वचनाचा आधार घेता येणार नाही. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेची थोरवी सांगताना एक फार माणुसकीचे कारण दिले आहे. यज्ञाला संपत्ती लागते, साहित्य लागते, माणसे लागतात, ते दरिद्री माणसाच्या आवाक्यातले नाही. तीर्थाला जाणे मात्र त्यालाही जमते. तिथेच असेही सांगितले आहे की ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहेत त्यालाच तीर्थाचे फळ मिळते. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की शास्त्राचा कल कळतो. यात्रा सर्वांना खुली असावी आणि तिने माणसाचा ताठा उतरवावा. मग आजच्या प्रवासात ताठा नेमका कुठे उतरतो, एवढेच शोधायचे राहते.

याचे उत्तर देवळाच्या दारात शोधण्याआधी तीर्थ या शब्दातच शोधावे. हा शब्द तॄ या धातूपासून आला. तॄ म्हणजे तरणे, पार होणे. पाण्यात उतरून पलीकडे जाता येते अशी जागा म्हणजे तीर्थ. देऊळ, मूर्ती, पुजारी हे सगळे नंतर आले, आधी होता उतार. जैनांचे तीर्थंकर हेही याच अर्थाने पार जाण्याची वाट करून देणारे. मराठीत या धातूचे गोत्र केवढे पसरले आहे. तर, तारू, तारणे, तारक, अवतार. नदी जिथे पायी ओलांडता येते त्या जागेला आपण उतार म्हणतो, आणि प्रवाशाला आपला जुना, साधा शब्द आहे उतारू. एसटीच्या स्टँडवर, बंदरावर पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला हा शब्द तीर्थाचा सख्खा भाऊ आहे. मी असे मांडू इच्छितो की कोकणच्या या मार्गावर भाड्याच्या गाडीतून जाणारा माणूस मोटारीत असतो तोवर मालक असतो. पैसे मोजून घेतलेल्या जागेचा, वेळेचा, थंड हवेचा, गाण्याचा मालक. खाडीच्या काठी तो उतारू होतो. तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासात त्याच्या सहलीत यात्रा शिरते. देव अकरा पाहिले की बारा, याचा त्याच्याशी संबंध नाही.

हे शब्दांचे खेळ वाटू नयेत म्हणून जयगडचा किंवा धोपाव्याचा धक्का जरा जवळून पाहू. रस्ता उतरत उतरत पाण्यात शिरतो आणि संपतो. नकाशावरची रेघ पुढे गेलेली दिसते, पण समोर पाणी असते. गाड्यांची रांग लागते. बोट पलीकडच्या काठाला असेल तर ती येईपर्यंत कुणाचेच काही चालत नाही, महागड्या गाडीचे नाही आणि आंब्याच्या पेट्या भरलेल्या टेंपोचेही नाही. बोट टेकते, पुढचा लोखंडी रॅम्प साखळ्यांवर खाली येतो. आधी पलीकडून आलेली माणसे आणि दुचाक्या उतरतात, मग गाड्या. भरतीला हा रॅम्प जवळजवळ सपाट असतो, ओहोटीला त्याला चांगला चढ येतो. चंद्राने ठरवलेला हा कोन कुणालाही वशिल्याने बदलता येत नाही. आणि मग बहुतेक गाड्या उलट्या, रिव्हर्समध्ये चढवाव्या लागतात. हा क्षण पाहण्यासारखा असतो. आतापर्यंत घाटरस्त्यावर आपल्या कौशल्यावर भरवसा ठेवून आलेला चालक आता मागचे धड पाहू शकत नाही. बोटीवरचा एक पोरगेला माणूस हाताच्या खुणा करतो, येऊ द्या, येऊ द्या, बास, आणि त्या हाताकडे पाहत चालक गाडी मागे घेतो. अनोळखी माणसाच्या तळहातावर सगळे कुटुंब सोपवलेले असते. दोन गाड्यांमध्ये दार उघडण्यापुरतीही जागा उरत नाही. कडेच्या चिंचोळ्या पट्टीत टोपली घेतलेली कोळीण, दप्तर पाठीला लावलेली मुले, डॉक्टरकडे निघालेले कुणी म्हातारे, आणि मुंबईहून आलेले पाहुणे एकाच कठड्याला टेकून उभे राहतात. एंजिनाचा आवाज एवढा असतो की गाडीतले गाणे बंदच करावे लागते. खाडीचे तोंड दिसते, उजवीकडे किंवा डावीकडे उघडा समुद्र असतो, आणि पाण्यावर आपण किती लहान आहोत हे कुणी न सांगता कळते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. थांबणे म्हणजेच यात्रा असेल तर महामार्गावरच्या वाहतूक कोंडीतही माणूस तासन्‌तास थांबतो, मग तेही तीर्थ का म्हणू नये? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्याने माझ्या म्हणण्याची कड स्पष्ट होते. कोंडीत माणूस आपल्याच सीटवर, आपल्याच काचांआड बसलेला असतो, आणि त्याची वाट अडवणारे असतात दुसरे प्रवासी. त्याला सहप्रवासी शत्रू वाटू लागतात. खाडीवर अडवते ते पाणी. ते कुणाचे नसते, कुणावर रागावत नाही, सगळ्यांना सारखेच अडवते, आणि ओलांडताना सगळ्यांना एकाच फळीवर उभे करते. अडणे दोन्हीकडे आहे, पण एका ठिकाणी माणूस माणसापासून तुटतो आणि दुसऱ्या ठिकाणी जोडला जातो. बोटीवरही पुष्कळजण मोबाइलमध्ये डोके घालून बसतात हे खरे. देवळातही बसतात. संधी असणे आणि ती घेणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि संधी न घेणाऱ्यांवरून तीर्थाची किंमत ठरत नाही.

दुसरा आक्षेप संतांकडून येतो, म्हणून जास्त जड आहे. देव अंतरात असेल तर पाणी ओलांडायचेच कशाला? नामदेवांच्या तीर्थावळीत हा वाद उघड आहे. ज्ञानदेव नामदेवांना तीर्थयात्रेला नेऊ पाहतात आणि नामदेवांचा पाय पंढरीतून निघत नाही, त्यांना विठ्ठलापलीकडे तीर्थ नको आहे. तरीही नामदेव जातात, आणि ती यात्रा मराठी भक्तीच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट ठरते. मला यात उत्तर दिसते. नामदेवांना यात्रेत देव सापडायचा राहिला नव्हता, त्यांना मैत्री सापडली, सोबत सापडली. संतांनी तीर्थांवर टीका केली ती पाण्यात बुडी मारून पाप धुतल्याचा हिशोब मांडणाऱ्यांवर. पण तेच संत भवसागर, नाव, पैलतीर ही भाषा सोडत नाहीत, कारण पार जाण्याचा अनुभव ज्याने अंगावर घेतला नाही त्याला ती प्रतिमा नुसते अक्षर वाटते. आपल्या मुलांना भवसागर हा शब्द परीक्षेपुरता माहीत असतो. दाभोळच्या खाडीत वारा सुटून बोट डुलायला लागते तेव्हा तोच शब्द त्यांच्या पोटात शिरतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. पाण्याचे आणि जुन्या खडतर वाटेचे हे गोडवे गाणे सुखवस्तू पाहुण्याला सोपे आहे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि 600 हून अधिक माणसे गेली. आगबोटीच्या काळात रत्नागिरीला बोट दूर समुद्रात उभी राहायची आणि उतारूंना पडावात उतरून किनारा गाठावा लागायचा. पोटाशी मूल धरून शिडीवरून हेलकावणाऱ्या पडावात पाय टाकणाऱ्या बाईला त्यात अध्यात्म दिसले नसणार. आणि वाट खडतर असली म्हणून ती पवित्र होती असेही नाही. कष्ट सोसून देवळापर्यंत पोचलेल्या कितीतरी माणसांना त्यांच्या जातीमुळे दार बंद होते. 1931 साली रत्नागिरीत सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या दातृत्वातून सर्वांसाठी पतितपावन मंदिर उभारावे लागले, ते त्याचसाठी. आजही धोपाव्याच्या बाजूच्या गावातल्या बाळंतिणीला रात्री बोट नसली की वळशाचा रस्ता धरावा लागतो. म्हणून इथे संदिग्ध राहता येणार नाही. खाड्यांवर पूल झाले पाहिजेत. सागरी महामार्गाच्या योजनेत ते आहेत, बाणकोटच्या खाडीवरचे काम तर किती वर्षे रखडले आहे. दुसऱ्याच्या गैरसोयीवर आपली साधना उभी करणे हे मत्स्यपुराणातल्या लोभाचेच एक रूप आहे.

मग पूल झाल्यावर माझ्या युक्तिवादाचे काय उरते? आंजर्ल्याकडे पाहावे. पूर्वी हर्णैकडून येणारा माणूस तरीतून खाडी ओलांडायचा आणि मग कड्यावर चढून गणपतीकडे जायचा. आता पूल आहे, वरपर्यंत सडक आहे, गाडी देवळाजवळ थांबते. गणपती तोच आहे, उजव्या सोंडेचा, प्रसन्न. पण येणारा माणूस उतारू न होताच पोचतो, आणि पोचताच परतीची वेळ पाहतो. जे पूर्वी भूगोल सक्तीने करायचा ते आता माणसाने आपणहून करायला हवे. सक्तीचे थांबणे गेले की थांबणे व्रत होते. पंढरपूरला रेल्वे आहे, एसटी आहे, तरी आळंदी-देहूहून लाखो माणसे चालत जातात. त्यांना वाहन परवडत नाही म्हणून नव्हे. गणपतीपुळ्यात समुद्राकडे तोंड करून बसलेल्या देवाची टेकडीच देवस्वरूप मानतात, म्हणून सगळ्या टेकडीला पायी प्रदक्षिणा घालतात, आणि गाडीतून आलेला माणूसही तिथे वहाणा काढून चालतो. दाभोळच्या मशिदीबद्दलही एक कथा सांगतात. विजापूरची शाहजादी मक्केच्या यात्रेसाठी या बंदरात आली, समुद्राचा प्रवास घडू शकला नाही, तेव्हा यात्रेसाठी आणलेला पैसा तिने मशिदीला लावला. कथा ऐकीव आहे, पण पाण्याच्या काठी अडलेल्या माणसाने तिथेच तीर्थ केले, ही तिची शहाणीव दाभोळच्या हिंदू-मुसलमान दोघांनाही ओळखीची आहे.

म्हणून दोन मागण्या. पूल बांधणाऱ्यांनी त्यावर चालणाऱ्यांसाठी कठड्याची वेगळी वाट ठेवावी, आणि पूल झाला म्हणून जुने धक्के मोडू नयेत. एखादी छोटी तर चालू ठेवली तर कोळणींच्या आणि शाळकरी मुलांच्याही सोयीची होईल. दुसरी मागणी गाडीतल्या मंडळींकडे. पूल होईपर्यंत बोटी चालू आहेत. पुढच्या वेळी जयगडला गाडी बोटीवर चढायच्या आधीच घरच्या सगळ्यांना खाली उतरवा. म्हाताऱ्यांना हात द्या, मुलांना कठड्याशी घट्ट धरा, आणि तवसाळ येईपर्यंत उभ्यानेच खाडी ओलांडा.