दास नव्हे, बंधू



अमेरिकेत गुलामगिरीच्या वादाने आधी ख्रिस्तमंडळे दुभंगली: १८४४ मध्ये मेथडिस्ट, १८४५ मध्ये बॅप्टिस्ट. दोन्ही पक्ष एकाच बायबलचा आधार घेत होते. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. पुण्याच्या महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्या मुक्तिकार्याबद्दल अमेरिकन लोकांना अर्पण केला.

संत पौलाने फिलेमोनाला विनवले होते, अनेसिमाला दास नव्हे, प्रिय बंधू म्हणून स्वीकार.

आपण पिंपरी-चाकणचे कामगार, कुणी कायम, कुणी कंत्राटी. रविवारी एकाच वेदीभोवती जमतो. सोमवारी कंत्राटी भावाची हजेरी बुडवली, तर आपण त्याच्या बाजूने बोलतो का?

प्रभू, आम्हाला धैर्य दे. आमेन.