यंत्राचा स्वभाव आणि आपली वाणी



चाकणच्या बजाज ऑटो कारखान्यात कामगारांच्या शेजारी काम करणारे यंत्रहात बसविले गेले. माणसाचा धक्का लागला की असा हात जागीच थांबतो. हा गुण त्याने कोणत्या पूर्वजन्मातून आणला? कोठूनही नाही. माणसाने विचारपूर्वक तो त्याच्यात घातला.

आता बोलणारी यंत्रे आपल्या खिशातल्या फोनमध्ये आली आहेत. त्यांनाही स्वभाव दिला जातो. आवाज कोणाचा, बोलणे कसे, शिवी दिली तर उत्तर काय, हे सारे माणसे ठरवितात. अशा अनेक यंत्रांना स्त्रीचा आवाज दिला गेला आणि अपमान झाला तरी ती नमतेच घेत, असे युनेस्कोच्या 2019 च्या अहवालाने दाखविले. सेवा बाईने करावी आणि निमूट ऐकून घ्यावे, ही जुनी समजूत नव्या यंत्रात शिरली.

‘रोबो’ हा शब्दच पाहा. तो कारेल चापेक या लेखकाच्या 1920 च्या नाटकातून आला. त्याच्या चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. वेठ म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी शिकवावे लागले नाही. महार वतनाच्या जोखडातून सुटका व्हावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात विधेयक मांडले. ती वतने कायद्याने नष्ट झाली 1958 साली.

कोणी म्हणेल, यंत्राला शिवी दिली तर त्याचे काय बिघडले? यंत्राचे राहू द्या. आपल्या जिभेचे वळण बिघडते. घरात हुकूम सोडण्यास शिकलेले मूल उद्या झाडूवाल्या मावशीशीही त्याच सुरात बोलेल.

आणि यंत्र म्हणते, ‘तुमचे दुःख मी जाणते.’ हे खोटे असेल तर चौथे शील कोणी मोडले? तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. म्हणून शब्द यंत्राचे असले, तरी जबाबदारी ते शब्द योजणाऱ्याची.

मी माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर. माझ्या वर्गातील मुले उद्या या कारखान्यांत जातील. त्यांनी केवळ यंत्राची कळ दाबू नये. यंत्राला स्वभाव देणाऱ्यांत बसावे. पण जो स्वतः सम्यक् वाणी बोलत नाही, तो यंत्राला कोणती वाणी देणार? तेव्हा आज वंदनेनंतर मुलांना जवळ घ्या आणि तेथूनच आरंभ करा.

जय भीम!