स्थावर, जंगम आणि सूत्र

कारागिराच्या हातातले साधन बदलले की त्याचे कर्मही बदलते काय, हा प्रश्न वरवर तंत्राचा वाटला तरी मुळात तो धर्मविचाराचा आहे. कारण माणूस जे काम करतो त्यात त्याचे स्वतःचे असे काय उरते, आणि जे उरते ते कोणाला अर्पण करायचे, याचा निर्णय केल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही. लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील चाकूरसारख्या तालुक्याच्या गावातून वास्तुकलेचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी बाहेर पडलेला, आणि पुढे पुण्यात एखाद्या कार्यालयात नोकरी करणारा किंवा परत येऊन आपल्याच भागात काम मांडणारा तरुण आज ज्या वैतागाने ग्रासलेला दिसतो, त्याच्या मुळाशी हा प्रश्न आहे. तुटपुंजे वेतन, न संपणारे तास आणि एक संगणकप्रणाली अंगवळणी पडते न पडते तोच येऊन ठेपणारी दुसरी, ही त्या वैतागाची दिसणारी कारणे होत. ती खरी आहेत, पण तेवढ्याने त्याचा उलगडा होत नाही.

‘मयमत’ या दाक्षिणात्य वास्तुग्रंथात बांधकाम करणाऱ्यांचे चार वर्ग सांगितले आहेत : सबंध रचनेची जबाबदारी वाहणारा स्थपती, दोरीने मापे घेऊन आखणी करणारा सूत्रग्राही, लाकूड-दगड घडवणारा तक्षक आणि घडवलेले भाग जुळवून उभे करणारा वर्धकी. यांपैकी सूत्रग्राही हा स्थपतीचा पुत्र किंवा शिष्य असावा अशी अपेक्षा आहे, आणि या एका अपेक्षेत शिक्षणाची एक पूर्ण कल्पना सामावलेली आहे. सूत्र, म्हणजे मापाची दोरी, हे साधन इतके साधे असते की ते थोड्याच दिवसांत हाताला बसते. त्यानंतरची सगळी वर्षे शिष्याचे लक्ष दोरीकडे राहत नाही, ते ज्या भूमीवर दोरी ताणली आहे त्या भूमीकडे आणि ती कोठे ताणायची हे ठरवणाऱ्या गुरूच्या निर्णयाकडे लागते. साधन लवकर आत्मसात व्हावे आणि साध्याला आयुष्य मिळावे, असा तो क्रम होता.

आजच्या तरुण वास्तुरचनाकाराच्या वाट्याला हाच क्रम उलटा आला आहे. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि अमोनियाच्या वासाच्या प्रती यांवर एक पिढी घडली. 1982 मध्ये बाजारात आलेल्या ऑटोकॅडने रेषा संगणकावर नेली, तरी ती रेषाच राहिली. त्यानंतर ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ ही पद्धत आली, जिच्यात भिंत ही कागदावरच्या दोन समांतर रेषा न राहता जाडी, साहित्य आणि परिमाण यांच्या नोंदींसह साठवलेली एक वस्तू बनते. आणि 2022 पासून तर शब्दांत वर्णन दिले की इमारतीचे चित्र तयार करून देणाऱ्या प्रणाली कोणाच्याही हाती आल्या. या धावपळीत कार्यालयातील ज्येष्ठाला इमारत कळते पण प्रणाली येत नाही, तर कनिष्ठाला प्रणाली येते पण इमारत कळण्याइतका वेळ मिळत नाही. एकाकडून साधन सुटले आहे आणि दुसऱ्याला साध्य दिसत नाही. दोघे एकाच पडद्यासमोर बसतात, तरी त्यांच्यात जी देवघेव व्हायला हवी ती होत नाही. तरुणाला तो प्रणालीचा जाणकार म्हणून नेमले जाते, आणि ती प्रणाली मागे पडली की त्याची सारी मेहनतही तिच्याबरोबर जुनी ठरते. अभ्यासाने माणूस पिकतो ही आपल्याकडची श्रद्धा. येथे अभ्यास होतो, पण पिकायच्या आत रानच बदलले जाते.

साधन आणि माणूस यांच्या नात्याला महाराष्ट्रात खंडेनवमीचा आधार आहे. आश्विन शुद्ध नवमीला सुतार रंधा मांडतो, गवंडी थापी आणि ओळंबा मांडतो, शेतकरी औतफाटा धुऊन त्याला हळदकुंकू वाहतो. वास्तुरचनाकाराने त्या दिवशी संगणक पूजावा हे ठीकच. परंतु त्यातील प्रणाली पुष्कळदा त्याची नसते. ऑटोडेस्क कंपनीने 2016 पासून आपल्या प्रणालींचे कायमचे परवाने विकणे थांबवून वर्गणीची पद्धत स्वीकारली, म्हणजे वर्गणी संपली की साधन हातातून जाते. तथापि मालकी हा येथील खरा मुद्दा नव्हे, कारण दुसऱ्याच्या शेतात राबणारा सालगडीही धन्याच्या औताला नमस्कार करतो आणि त्या नमस्कारात काही उणे नसते. मुद्दा ओळखीचा आहे. रंध्याचा दांडा वापरणाऱ्याच्या तळहाताप्रमाणे झिजतो आणि त्या झिजेत त्याच्या श्रमांची खूण राहते. प्रणाली झिजत नाही, ती फक्त बदलते, आणि ज्या हाताने ती वर्षानुवर्षे चालवली त्याची तिच्यावर कसलीही खूण उरत नाही.

अशा वेळी फलाची आसक्ती न धरता कर्म करावे, हा गीतेतील विचार तरुणांना ऐकवला जातो. तो विचार थोर आहे. मात्र कमी पगारात रात्र-रात्र राबणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी त्याचा वापर करणे हा अधर्मच म्हटला पाहिजे, कारण गीतेचा उपदेश कर्म करणाऱ्याने स्वतःची आसक्ती सोडावी यासाठी आहे, करवून घेणाऱ्याची सोय व्हावी यासाठी नाही. या प्रश्नाला भिडण्यासाठी चाकूरच्या मातीत दुसरा, अधिक जवळचा विचार उपलब्ध आहे. लातूर, नांदेड आणि बीदर या पट्ट्यात लिंगायत परंपरा खोलवर रुजलेली असून बाराव्या शतकात बसवेश्वरांनी ज्या कल्याण नगरीत आपले कार्य उभे केले ती, म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यात आहे. या परंपरेतील ‘कायक’ ही संकल्पना ‘काया’ या शब्दापासून आली : देहाने, प्रामाणिकपणे केलेले काम हीच उपासना, आणि त्यातून मिळालेले समाजाला वाटणे म्हणजे ‘दासोह’. नुलिय चंदय्या हे शरण गवताचे दोर वळून विकत आणि त्यावर दासोह चालवीत. गवत कापताना त्यांच्या अंगावरचे इष्टलिंग निसटून पडले, तरी ते काम सोडून ते उचलायला थांबले नाहीत, आणि शेवटी लिंगालाच त्यांच्या कायकात सहभागी व्हावे लागले, अशी कथा सांगितली जाते. देवालाही ज्या कामात हात लावावा लागतो त्या कामाला साधनाच्या नवेपणाने कमीपणा येत नाही आणि जुनेपणाने थोरवीही येत नाही. आयदक्की लक्कम्मांनी मात्र पती मारय्यांनी गरजेपेक्षा जास्त तांदूळ वेचून आणला तेव्हा तो परत करायला लावला. कायकाला पुरेसेपणाची मर्यादा असते, आणि तीच आजच्या कामातून हरवली आहे. प्रणालीमुळे एका दिवसात दहा पर्याय काढता येतात, म्हणून दहा काढावे लागतात, आणि त्यांतील नऊ कोणाच्याही घराला उपयोगी पडत नाहीत.

याच परंपरेने स्थावर आणि जंगम असा भेद केला. स्थावर म्हणजे एका जागी उभारलेले, देऊळ किंवा वाडा. जंगम म्हणजे चालते, जिवंत. जे उभारले ते पडते आणि जे चालते ते टिकते, असा बसवेश्वरांच्या विचाराचा गाभा आहे, आणि वास्तुरचनाकाराला तो सर्वांत जास्त बोचायला हवा, कारण त्याचा सारा व्यवसायच स्थावराचा. लातूर-उस्मानाबाद भागाने हे सत्य 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भोगले. किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. घरांच्या जाड भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या दोन थरांच्या होत्या आणि ते थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. हादऱ्याने थर फाकले आणि भिंतींसह माळवदाची जड माती झोपलेल्यांवर आली. लोकांनी त्यातून दगड मारतो आणि सिमेंट वाचवते एवढाच बोध घेतला. पुनर्वसनात 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली आणि जमीनधारणेनुसार 250, 400 व 750 चौरस फुटांची ठरीव घरे बांधली गेली. घाईच्या त्या दिवसांत एकच नकाशा शेकडो वेळा उमटवणे समजण्यासारखे होते. पण जुन्या गावातील ओसरी, गोठा, आळीतले शेजार यांना त्या चौकटीत जागा नव्हती, आणि पुढे रहिवाशांनीच पत्रे टाकून, आडोसे उभारून त्या घरांना आपलेसे केले. उमटवलेल्या नकाशात जंगमाची भर राहणाऱ्यांनी घातली.

चाकूर त्या विस्थापित गावांत नव्हते, तरी दगडाविषयीची धास्ती तेथेही पोहोचली, आणि आज तेथे घर बांधू इच्छिणारा माणूस नकाशा पाहण्याआधी मोबाइलवर ‘थ्रीडी’ मागतो. कायद्यानेही तरुणाला कुंपण दिलेले नाही : वास्तुविशारद ही उपाधी नोंदणीकृत व्यक्तीपुरती राखीव असली, तरी त्या स्वरूपाचे काम करण्यास इतरांना 1972 च्या कायद्याने मनाई नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दिला. आकर्षक चित्र कोणीही देऊ शकतो, नकाशाही कोणी काढू शकतो. मग पाच वर्षे शिकलेल्याचे कायक कोणते, हा प्रश्न उघडा पडतो, आणि तो उघडा पडणे हिताचेच आहे, कारण त्याचे उत्तर प्रणालीत मिळणार नाही, प्लॉटवर मिळेल. जुन्या वस्तीतला प्लॉट क्वचितच काटकोनी असतो. पडद्यावर नव्वद अंशांत बसलेली खोली जागेवर शेजाऱ्याच्या भिंतीला भिडते. तेथे मिस्त्री खुंट्या ठोकून लाइनदोरी ताणतो, एका बाजूवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजतो आणि तिरपे अंतर पाच फूट भरते की नाही ते पाहतो. ते भरले नाही, तर खुंटी कोणत्या बाजूला सरकवायची, शेजाऱ्याशी बोलायचे की खोली बारीक करायची, दाराबाहेर बसणाऱ्या आजीच्या ओसरीसाठी किती जागा सोडायची, हे दोरी सांगत नाही. ते ठरवण्यासाठी उन्हात तेथे उभा असलेला माणूस लागतो, आणि फक्की ओतण्याआधी मिस्त्री त्याच्याकडेच बघतो.