पाण्याचा दिवस

सिडकोतल्या एका जुन्या घरात नाना एकटेच राहत. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा पुण्याला. पत्नीला, माईंना, कर्करोगानं नेलं, त्याला वर्ष होत आलं होतं. छत्रपती संभाजीनगरात जायकवाडी धरण भरलेलं असलं तरी नळाला पाणी कैक दिवसांनी येई, तेही कधी अपरात्री. तेव्हा उठून मोटर लावणं, पिंप भरणं हे माईंचं काम. त्या गेल्यापासून पाण्याच्या रात्री नाना जागे असत, नळाचा आवाज ऐकत, पण उठत नसत. टाकी कोरडी पडायची. जेवण कमी झालं, शुगरच्या गोळ्या डब्यात तशाच राहू लागल्या.

भेटायला येणारे मायेनंच बोलत. "सुटल्या बिचाऱ्या." "आता नातवंडांत मन रमवा." नानांच्या तोंडी एकच वाक्य : "मी तिला वेळेवर नेलं असतं तर..." त्यावर लगेच कुणीतरी म्हणे, "असं मनात आणू नका." बोलणं तिथंच थांबे.

शेजारच्या मावशींनी एकदा किसा गोतमीची गोष्ट काढली. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन ती औषध मागत आली, तेव्हा बुद्धांनी तिला मोहरी आणायला सांगितली, जिथं कधी कुणी मेलं नाही अशा घरातून.

"मरण सगळ्यांच्याच घरी असतं, हे मला ठाऊक आहे," नाना म्हणाले.

"असेल. पण तथागतांनी तिला आधी उपदेश नाही केला, आधी दारोदार पाठवलं. दर दारात तिला आपलं दुःख बोलावं लागलं. तुम्ही कुणापाशी बोललात, नाना?"

शुगर फार वाढली म्हणून नाना घाटी रुग्णालयात गेले, तेव्हा डॉक्टरांनी मनोविकार विभागाची चिठ्ठी दिली. नाना दुखावले. "मला काय वेड लागलंय?" शेवटी मावशीच त्यांना घेऊन गेल्या.

तिथल्या समुपदेशक ताईंनी सांत्वन केलं नाही. आजार कसा कळला ते पहिल्यापासून सांगा, म्हणाल्या. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. सांगताना नाना दर वेळी एका जागी घाई करत : गाठ हाताला लागली आणि दवाखाना गाठला, यांच्या मधले महिने. ताईंनी त्यांना तिथंच थांबवलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

बराच वेळ गेला. "तिला दिवाळीतच लागली होती गाठ. भाचीचं लग्न पार पडेपर्यंत लपवली. मला सांगितलं उन्हाळ्यात." मग त्यांचा आवाज चढला. "का लपवलं तिनं? मी काय परका होतो?"

हे ते मुलाशी बोलू शकले नव्हते. त्याला ती आईविरुद्धची तक्रार वाटली असती. गेलेल्या माणसावर रागवायचं कसं, म्हणून तो राग त्यांनी स्वतःवरच घेतला होता. घरच्यांची माया कमी नसते. पण त्यांचंही तेच माणूस गेलेलं असतं आणि आपल्या माणसाचं रडणं त्यांना बघवत नाही. अशा वेळी बाहेरचं, हे काम शिकलेलं माणूस लागतं, असं मला ठामपणे वाटतं.

ताईंनी नानांना एक काम नेमून दिलं. पाण्याच्या रात्री उठायचं. रडू आलं तर रडत रडत मोटर लावायची. पहिल्या वेळी नाना नळापाशी बसून राहिले, पिंप अर्धंच भरलं. हळूहळू टाकी भरू लागली. मावशींचे गुडघे धरलेले, त्यांचं पिंपही नानाच भरू लागले. गोळ्या वेळेवर जाऊ लागल्या. माईंच्या वर्षश्राद्धाला मात्र त्यांना घास गिळवला नाही, आणि तसं का म्हणून ताईंनीही विचारलं नाही. "वेळेवर नेलं असतं तर" हे नाना आता म्हणत नाहीत. म्हणतात, "सांगायला हवं होतं तिनं मला."

ज्यांना दवाखान्यापर्यंत जाणं जमत नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस सेवा आहे. क्रमांक १४४१६. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या घरात किंवा शेजारी असे कुणी नाना असतील, तर त्यांना समजावत बसू नका, हा क्रमांक लावून फोन त्यांच्या हाती द्या.