धुक्यातली तोफ

एडिनबरातला पहिलाच दिवस आणि पाऊस! आपल्यासारखा कोसळणारा नव्हे. बारीक, तिरका, वाऱ्यावर स्वार. छत्री उलटतेच. रॉयल माइल या रस्त्यावरून किल्लाही दिसेनासा झाला, की हिरमोड होतो. पण या शहराचं ढगांशी जुनं वैर आहे. १८५२पासून कॅल्टन टेकडीवरच्या नेल्सन स्मारकावरचा मोठा गोळा दुपारी एकला खाली येई. लीथ बंदरातली जहाजं त्यावर घड्याळं लावत. धुक्यात गोळाच दिसेना! म्हणून १८६१मध्ये किल्ल्यावरून तोफ सुरू झाली. आवाजाला पोचायला वेळ लागतो, तेव्हा अंतरानुसार किती सेकंद वजा करायचे, याचा नकाशाही निघाला. काय हा काटेकोरपणा! तोफ आजही होते, रविवारी मात्र सुट्टी. तर पावसातल्या पाहुण्यांनो, एकच्या ठोक्याला कान सांभाळा.