मधला थर

लहानपणी आमच्या घरी रोज रात्री प्रार्थना व्हायची. प्रभू येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आई म्हणायची, आम्ही पोरं तिच्या मागून. आम्हाला परीक्षेत घालू नकोस, अशी देवाला त्यात विनंती आहे. 1977 साली दहावीला बसलो तेव्हा तेवढी ओळ मी फार जीव लावून म्हणायचो. मला वाटायचं, ती गणिताच्या पेपराबद्दलच आहे. आई हसायची. म्हणायची, "ती परीक्षा येगळी बाबा. तिला टाइमटेबल नसतंय."

दहावीनंतर मोहोळ तालुक्यातली घरची शेती धरली. आईचं बोलणं कळायला मात्र 1998 साल उजाडावं लागलं.

त्या साली पावसाने कांदा नासवला. देशभर टंचाई झाली. भाव असे चढले की दिल्लीच्या निवडणुकीत कांदाच गाजला आणि तिथलं सरकार गेलं. आमच्या रानात मात्र निम्मा माल वाफ्यातच सडला. उरलेल्यात गोलटी फार. दोन दिवस निवडणी केली. तिसऱ्या रात्री टेम्पो यायचा होता. लाईट गेलेली, कंदिलाच्या उजेडात मी एकटाच गोण्या भरत होतो. तळाला चांगला कांदा, तोंडाला चांगला कांदा, आणि मधल्या थरात गोलटी नि थोडा भिजका माल. कुणी शिकवलं नव्हतं. हात आपोआप चालत होते.

तेव्हा मनाशी काय बोलत होतो ते अजून आठवतं. चोरी करतोय, असं एकदाही म्हणालो नाही. सगळेच करतात. हमाली, तोलाई, आडत कापून आपल्या हातात राहतं काय? पोरांची फी भरायचीय. मोह आला की तो असा आपलाच वकील होऊन बोलायला लागतो. शुभवर्तमानातही बघा. रानात चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या येशूला सैतानाने आधी राज्य दाखवलं नाही. दगडाची भाकर कर, म्हणाला. भुकेल्याला भाकरीत काय पाप दिसणार?

त्याच टेम्पोत शेजारच्या अण्णांच्या वीस गोण्या होत्या. अण्णा माळकरी, पंढरीची वारी न चुकवणारे. नाताळात आमच्या देवळात नारायण वामन टिळकांची भजनं सुरू झाली की दाराशी येऊन बसायचे. ख्रिस्ती झाल्यावरही टिळकांनी अभंग सोडला नाही, म्हणून ते अण्णांना आपलेच वाटायचे. तर त्या अण्णांनी एकेक कांदा हाताने निवडून भरला होता.

सोलापूरच्या बाजारात दोघांचा माल शेजारी शेजारी उतरला. व्यापाऱ्याने एक गोणी ओतायला लावली. ती माझी होती. मधला थर सगळ्यांच्या पायाशी पसरला. "एका गावचा माल, सगळा असलाच असणार," तो म्हणाला. दोघांच्याही मालाला क्विंटलमागे 300 रुपये कमी बोली लागली. अण्णा म्हणत होते, "माझा तसा न्हाई, वतून बघा की." तोवर लिलाव पुढे सरकला होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून सुतळी गुंडाळत राहिलो.

गोण्या भरल्या ते पाप लहान, सुतळी गुंडाळली ते मोठं, असं मला आज वाटतं.

पुढे रविवारी उपासनेत बसवेना. एकदा पाळकसाहेबांनी जक्कयाची गोष्ट घेतली. तो जकातदारांचा मुख्य होता. येशू घरी आला तेव्हा, ज्याला फसवलं त्याला चौपट परत देतो, असं तो म्हणाला. मी बसल्या जागी हिशेब मांडला. अण्णांच्या वीस गोण्या म्हणजे दहा क्विंटल. नुकसान 3000. चौपट म्हणजे 12000. एवढे कुठून आणू? 3000 घेऊन अण्णांकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पैशाचं काय लेका, येतंय नि जातंय. चार माणसांत मी लबाड ठरलो, ते कसं परत करणार हायस?"

पुढच्या बाजाराला मी त्यांच्याबरोबर गेलो. आडत्यापुढे, हमालांपुढे सांगितलं की तो माल माझा होता, अण्णांचा कांदा चोख होता. आडत्या हसला, "एवढ्यासाठी आलात व्हय?" अण्णा हसले नाहीत. त्यांनी तिथेच पैसे मोजून घेतले. ते बरं झालं. फुकटची माफी मला पेलली नसती.

त्या प्रार्थनेत 'मोहाशी झुंजायची ताकद दे' असं मागणं नाही. 'तिथं नेऊच नको' असं आहे. माणूस किती कच्चा आहे हे येशूला ठाऊक असावं. मग आपणही आपल्या पायाने तिथं जाऊ नये. म्हणून मी आता रात्री एकट्याने गोणी भरत नाही. दिवसा, घरच्या माणसांसमोर भरतो. गोलटीची गोणी वेगळी, तिला लाल सुतळी. तिचा भाव कमी येतो, येऊ दे.

चौसष्टावं चालू आहे. भाव पडला की अजूनही हात मधल्या थरापाशी थबकतो. अण्णा आता नाहीत. त्यांचा पोरगा माझ्याच टेम्पोत माल टाकतो, आणि बाजारात त्याच्या गोण्या माझ्या गोण्यांना लागून उतरतात.