हौस आणि सेवा

रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव, शताब्दी हे शब्द आपल्या धर्मग्रामांना नवे नाहीत. चर्चची, शाळेची, पतपेढीची, युवक मंडळाची वर्षे मोजली जातात, स्मरणिका निघते आणि तीत संस्थेने केलेल्या कार्यांची यादी छापली जाते. यादी जितकी लांब तितकी संस्था मोठी, असे आपण सहज मानून चालतो. परंतु काही संस्थांची अशी यादी करू लागले म्हणजे विचारात पडावे लागते. त्यांच्या शंभर वर्षांतील फार थोडे दिवस सेवेचे असतात. बाकीची वर्षे निव्वळ हौसेत गेलेली असतात. अशा संस्थेला सेवाभावी म्हणावे काय? हौसेच्या पोटी जन्मलेली सेवा ही खरी सेवा असते काय? हौशी रेडिओच्या, म्हणजे ज्याला जगभर ‘हॅम रेडिओ’ म्हणतात त्याच्या, इतिहासाकडे पाहताना हा प्रश्न आमच्यासमोर उभा राहिला.

हॅम म्हणजे परीक्षा देऊन सरकारचा परवाना मिळवलेला साधा नागरिक. घरातील एखाद्या कोपऱ्यात त्याचा ट्रान्समीटर असतो, गच्चीवर एरियल असते. तो आकाशवाणीप्रमाणे कार्यक्रम प्रक्षेपित करीत नाही. दूरच्या गावातील वा देशातील दुसऱ्या हॅमशी तो बोलतो, किंवा मोर्सच्या सांकेतिक भाषेत संदेशांची देवघेव करतो. आंतरराष्ट्रीय नियमांत या उद्योगाला ‘सेवा’ असेच नाव आहे. मात्र त्याच्या व्याख्येत परोपकाराचा उल्लेख नाही. स्वतः शिकणे, आपसांत संपर्क साधणे आणि तांत्रिक शोध घेणे हे तिचे तीन हेतू; आणि अट अशी की यात आर्थिक लाभाचा उद्देश नसावा. इंग्रजीत हौशी माणसाला ‘ॲमॅच्युअर’ म्हणतात. या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘प्रेम करणारा’ असा आहे.

अमेरिकेतील हार्टफर्ड या शहरातील रेडिओ क्लबच्या सभेत एप्रिल १९१४ मध्ये हायरम पर्सी मॅक्झिम यांनी एक कल्पना मांडली. सुमारे चाळीस किलोमीटरवरील स्प्रिंगफिल्ड गावाला त्यांना संदेश पाठवावयाचा होता, परंतु त्यांचे यंत्र तेथवर पोहोचत नव्हते. तेव्हा वाटेतील एका गावच्या हौशी मित्राने तो संदेश घेऊन पुढे पाठविला. असे मधले दुवे देशभर जोडले तर? या विचारातून ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ ही संस्था जन्मली. २०१४ साली तिची शताब्दी हार्टफर्ड येथेच साजरी झाली. मॅक्झिम यांच्या वडिलांनी मशीनगनचा शोध लावला होता. स्वतः मॅक्झिम यांनी बंदुकीचा आवाज दाबणारे साधन तयार केले होते. त्याच घरातील बुद्धी माणसांना एकमेकांचा आवाज ऐकू यावा म्हणूनही राबली. कौशल्य कोणत्या दिशेने वळते यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

प्रारंभीची वर्षे खेळाचीच होती. १९१२ च्या कायद्याने अमेरिकेतील हौशी मंडळींना २०० मीटर व त्याहून आखूड लहरी दिल्या, कारण दूरच्या दळणवळणास त्या निरुपयोगी समजल्या जात. डिसेंबर १९२१ मध्ये याच लहरींवरून अमेरिकेतील हौशी केंद्रांनी पाठविलेले संकेत अटलांटिकपलीकडे स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ऐकू आले, आणि १९२३ साली अमेरिका व फ्रान्स यांच्यामध्ये दुतर्फा संभाषण झाले. टाकाऊ ठरविलेल्या वस्तूचे मोल हौशी माणसांच्या खेळाने जगाला दाखवून दिले. मॅक्झिम फेब्रुवारी १९३६ मध्ये निवर्तले. पुढच्याच महिन्यात ईशान्य अमेरिकेत महापूर आले, तारा तुटल्या, आणि हौशी केंद्रांनी पूरग्रस्त भागांतील निरोप बाहेर पोहोचविले. त्यानंतरही ही परंपरा चालत आली. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने प्युर्टो रिको बेटाची वीज व दूरध्वनी यंत्रणा जवळजवळ पूर्णपणे कोलमडली, तेव्हा रेडक्रॉसच्या विनंतीवरून संस्थेचे बावीस स्वयंसेवक आपली यंत्रे घेऊन तेथे गेले.

येथे कोणी आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप हलका नाही. सेवेचे माप त्यागाने घ्यावयाचे, असे आपण लहानपणापासून शिकलो आहोत. ज्यात करणाऱ्याला आनंद मिळतो, त्यात त्याग तो कसला? पुष्कळ हॅम ज्यांना आपले आश्रयदाते मानतात ते संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचेच उदाहरण घ्या. पोलंडमधील आपल्या मठात त्यांनी डिसेंबर १९३८ मध्ये रेडिओ केंद्र सुरू केले होते. परंतु ते संत झाले ते रेडिओमुळे नव्हे. ऑगस्ट १९४१ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत एका परक्या कैद्याच्या बदल्यात त्यांनी स्वतःचे प्राण दिले म्हणून. त्या मरणापुढे एखाद्याची गच्चीवरील एरियल आणि संध्याकाळची करमणूक यांना सेवा म्हणणे म्हणजे शब्द स्वस्त करणे नव्हे काय?

आम्हांला वाटते, हा आक्षेप संकटाच्या दिवसाकडे पाहतो, त्याच्या आधीच्या वर्षांकडे पाहत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दृष्टांत आपणा सर्वांना परिचित आहे. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना झोप लागली. जागरणाच्या बाबतीत शहाण्या व मूर्ख यांत फरक नव्हता. फरक होता तो तेलाच्या तरतुदीचा, आणि ती तरतूद आधीच, काही घडत नसताना, करून ठेवावी लागते. वादळ दहा वर्षांत एकदा येते. मधल्या साडेतीन हजार दिवसांत बॅटरी भरलेली ठेवायची, कान तयार ठेवायचे, क्षीण आवाजातून शब्द वेचण्याचा सराव करायचा, हे केवळ कर्तव्य म्हणून कोण करील? निव्वळ कर्तव्याने केलेली तयारी काही वर्षांत थकते, कपाटात जाते, गंजते. जे आवडते तेच माणूस रिकाम्या दिवसांतही करीत राहतो. अमेरिकेतील हौशी मंडळी १९३३ पासून ‘फील्ड डे’ पाळत आली आहेत. दर जूनमध्ये ती घराबाहेर पडून तंबूत वा मैदानात तात्पुरती केंद्रे उभारतात आणि शक्य तितक्या जणांशी संपर्क साधतात. त्यांच्या दृष्टीने तो उत्सव असतो. आपत्तीच्या दृष्टीने पाहिले तर ती रंगीत तालीम असते.

या आनंदाला धर्मगुरूंनीही कमी लेखले नाही. शिकागोत जन्मलेले येशूसंघीय फादर मार्शल मोरान १९२९ साली भारतात आले, पाटणा मिशनमध्ये राबले आणि १९५१ साली त्यांनी काठमांडूजवळ गोदावरी येथे सेंट झेवियर्स शाळा सुरू केली. त्यांच्या रेडिओ केंद्राचे नाव होते ‘नाइन एन वन एम एम’. शेवटच्या दोन अक्षरांचा उलगडा ते ‘मिकी माउस’ असा करीत. कित्येक वर्षे जगभरच्या हॅमना नेपाळ म्हणजे फादर मोरान यांचा आवाज एवढेच ठाऊक होते. १९९२ साली त्यांचे निधन झाले. शाळेचे काम आणि रेडिओची हौस ही दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदली.

तथापि आनंदापाशी थांबलो तर अर्धेच उत्तर मिळेल. उरलेले अर्धे आपल्याच देशातील एका प्रसंगात दिसते. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ या संस्थेची एक तुकडी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर २००४ मध्ये अंदमानला गेली होती. ती सेवेसाठी गेली नव्हती. अंदमानातून हौशी प्रक्षेपण अनेक वर्षे झाले नव्हते. त्यामुळे तेथील केंद्राशी एकदा तरी बोलणे झाले, अशी नोंद आपल्या वहीत व्हावी म्हणून जगभरचे हॅम आतुर होते. म्हणजे सारा मामला हौसेचाच. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या, बेटांचे दूरध्वनी बंद पडले. त्या क्षणी तुकडीने हौसेच्या गप्पा थांबविल्या. मुख्य भूमीवरील नातलगांची खुशाली विचारणारे आणि प्रशासनाचे तातडीचे निरोप तेच केंद्र वाहू लागले. पुढे कार निकोबार येथेही केंद्र उभारले गेले. ज्या हौसेसाठी एवढा प्रवास केला तीच बाजूला ठेवणे, हा त्यांचा त्याग होता.

आणखी एक त्याग दूरच्यांच्या वाट्याला येतो. त्याची नोंद कोठेच होत नाही. आपत्तीचे संदेश ज्या लहरीवर चालू असतात तेथे इतर हॅमनी गप्प राहावयाचे असते. ज्याची सारी हौस बोलण्यात, त्याने त्या वेळी केवळ ऐकायचे, आणि मधला दुवा निखळला तरच तोंड उघडायचे. बहुतेकांवर तशी वेळ येतच नाही. मौनाने केलेली ही सेवा कोणत्या स्मरणिकेत छापणार?

म्हणून आम्हांला असे वाटते की हौस आणि सेवा यांत मुळात वैर नाही. हौस ही तयारी जिवंत ठेवते, आणि वेळ येताच हौस खाली ठेवता आली की तिची सेवा होते. जिला खाली ठेवता येत नाही ती हौस माणसाला गिळते. हे हॅम मंडळींनाही ठाऊक आहे. १९२८ साली पॉल सीगल यांनी त्यांच्यासाठी लिहिलेल्या आचारसंहितेत हॅमने समतोल राखावा असे म्हटले आहे. घर, नोकरी, शाळा व समाज यांच्याविषयीच्या कर्तव्यांत रेडिओने अडथळा आणू नये, अशी तिची अपेक्षा आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना हे सारे जुनाट वाटेल. परंतु मोबाइलला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते, आणि मोठे वादळ नेमके त्यांनाच आधी पाडते. हा विचार केवळ रेडिओपुरताही नाही. आपली मुले गायनात, पोहण्यात, यंत्रे उघडून पाहण्यात तासन्‌तास रमतात, तेव्हा आपण विचारतो, ‘याचा उपयोग काय?’ त्या वेळी उत्तर कोणापाशीच नसते, मुलांपाशीही नसते. आपल्या हाती एवढेच असते की मुलांचा आनंद मोडू नये, आणि त्याच वेळी, शेजाऱ्याची हाक आली की हातातले खाली ठेवून उठायचे असते, हे त्यांना आपल्या वागण्यातून शिकवावे. हाक कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. काहींना ती आयुष्यात येणारही नाही. तरी त्यांची तयारी वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही.